कुंभेशेतच्या शाळेचा पट

जगदीश गुरुजी कागद घेऊन यायचे ते नेहमी घाईत. मोटरसायकल चालूच ठेवायचे, सीटवर ठरावाची वही उघडायचे आणि पेनाचं टोपण काढून पेन छायाच्या हातात द्यायचे. कुंभेशेतच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची ती अध्यक्ष होती. दीड वर्षापूर्वी पालकसभेत अध्यक्ष बाईमाणूस असावी असं निघालं आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती दहावी पास होती, शाळा घरासमोर होती आणि नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

मार्चमधल्या त्या सकाळी गुरुजींचा फोन वाजला. कशेळ्याच्या रस्त्याला कुणाला तरी प्लॉट दाखवायचा होता. बोलत बोलत ते बाजूला गेले आणि छाया पेन धरून वहीवर वाकलेली राहिली. म्हणून तिने पहिल्यांदाच वाचलं, आपण कशावर सही करतोय ते. 'चौथीचे सर्व विद्यार्थी अपरिचित मजकूर अस्खलित वाचतात. समितीने स्वतः खात्री केली आहे.'

तिची हर्षला चौथीतच होती. छायाला बरं वाटलं. तिने सही केली.

दुपारी हर्षला ओटीवर बसली होती. भाचीच्या लग्नाची पत्रिका आली होती, ती छायाने तिच्यापुढे धरली. "तारीख कोनती हाय बघ गं."

हर्षलाने पत्रिका हातात घेतली, वर गणपतीचं चित्र बघितलं आणि झटकन म्हणाली, "श्री गणेशाय नमः." मग गप्प.

"पुढं?"

"पुढं चित्र नाय ना आई."

छायाने दप्तरातून मराठीचं पुस्तक काढलं. हर्षला खूश झाली. ओळीखाली बोट फिरवत तिने अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवला. छायाने मध्येच दोन पानं उलटली. हर्षलाचं बोट नव्या पानावर सरकत राहिलं आणि तोंडातून मागचाच धडा येत राहिला.

छाया त्या रात्री जेवली नाही. सकाळी तिने दुसरीचं एक जुनं पुस्तक घेतलं आणि शेजारच्या घरात गेली. आठवडाभर ती घरोघरी फिरली. कुणाकडे ताक मागायला, कुणाकडे सुपारीचं निमित्त काढून. पोराला जवळ बसवायची, पुस्तक उघडायची, एवढंच वाच म्हणायची. शाळेत खरोखर जाणारी मुलं चौदा निघाली. त्यातल्या चौघांना वाचता आलं.

सगळ्यात शेवटी ती डोंगरावरच्या वरच्या वाडीत गेली. तिथल्या पाच पोरी रोज पाऊण तास उतरून शाळेत यायच्या. पोशा दारातच भेटला. फार्महाऊसवर माळीकाम करणारा, कमी बोलणारा माणूस. आपल्या पोरीची परीक्षा घ्यायला शाळेच्या अध्यक्ष आल्या म्हणून त्याने अंगणात घोंगडी टाकली.

"वाडीत कुनी शिकला नाय," तो म्हणाला. "माझी पोर पयली. एक दिवस चुकत नाय."

पोर तिसरीत होती. तिने पुस्तक उलटं धरलं नाही एवढंच. छायाने 'क'वर बोट ठेवलं, ती हसली. 'म'वर ठेवलं, ती बापाकडे बघू लागली.

"कशी हाय?" पोशाने विचारलं.

"हुशार हाय," ती म्हणाली आणि उठली. वाट उतरताना तिला स्वतःचीच चीड आली. वहीतलं खोटं कमी होतं म्हणून की काय, ती त्या माणसाच्या अंगणात बसून आणखी एक खोटं बोलली होती.

तीन दिवसांनी संध्याकाळी जगदीश गुरुजी घरी आले. या वेळी त्यांनी गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि आत येऊन खुर्चीत बसले. छायाचा नवरा, नवीन, भिवपुरीच्या कारखान्यातली पाळी संपवून नुकताच आला होता. तो गडबडीने उठला. लहानपणी तो गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला. मधली पंधरा वर्षं गुरुजी दुसऱ्या गावांत होते, पण त्यांच्यापुढे नवीन अजूनही उभाच राहायचा.

"छायाताई, घरोघरी परीक्षा घेताय म्हणे," गुरुजी चहाचा कप हातात घेत म्हणाले.

"पोरांना वाचता येत नाय गुरुजी."

"मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? चार वर्ग आणि मी एकटा. दुसऱ्या शिक्षकाची जागा तीन वर्षं रिकामी. सकाळपासून मोबाईलवर माहिती भरतो. आधार, गणवेश, खिचडी, फोटो. शिकवू कधी?"

"आन् प्लॉट कधी दाखवता?"

"छाया!" नवीन ओरडला.

गुरुजी चिडले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. "पट किती आहे शाळेचा? तुम्हीच सही केलीय. एकवीस. खरी मुलं किती, ते तुम्ही मोजलंय."

"चौदा."

"बाकीची सात व्हॅनमध्ये बसून कशेळ्याच्या इंग्रजी शाळेत जातात. त्यांची नावं मी माझ्यासाठी ठेवली का? वीसच्या आत पट दिसला की शाळा दुसऱ्या गावाला जोडायचा प्रस्ताव निघतो. मग वाडीच्या पोरी ओढा ओलांडून पलीकडे जाणार? जुलैच्या पाण्यात?" ते थांबले. "करा तक्रार. साहेब येईल, डोकी मोजेल, कुलूप लावून जाईल. आणि जाताना एकवीसवर सही कुणाची आहे तेही बघेल."

गुरुजींची गाडी वळणाआड गेली. मग नवीन म्हणाला, "बोट धरून त्यांनी मला ग म भ न शिकवलंय. तू त्यांना गावासमोर उभं करनार?"

"तुमाला शिकवलं ना? मंग हर्षलाला का नाय?"

नवीनने शर्ट काढून खुंटीला अडकवला. "साईराजला जूनपासून व्हॅनमधी बसवायचं," तो म्हणाला. साईराज त्यांचा धाकटा, पहिलीला जायचा होता. "आपली पोरं सुटली म्हंजे झालं. विषय संपला."

छायाचा विषय संपला नाही. गुरुजी बोलले त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हेच तिला जाळत होतं. गप्प बसावं तर पोरं अडाणी राहणार. बोलावं तर शाळा जाणार. चार दिवस तिने दोन्ही बाजूंनी विचार केला आणि मग एका दुपारी ग्रामपंचायतीत जाऊन अर्ज दिला. एक मेच्या ग्रामसभेत शाळेचा विषय घ्यावा, दुसऱ्या शिक्षकाची मागणी करावी, गुरुजींनी पूर्णवेळ शाळेत थांबावं आणि पटावरची खोटी नावं कमी करावीत. ग्रामसेवकाने अर्ज दोनदा वाचला. त्याने पोचेवर शिक्का मारून दिला. "ही जपून ठेवा," एवढंच म्हणाला.

सरपंच गजाशेठ यांनी तिला दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठलं. "अगं, घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला? गुरुजी आपलाच मानूस हाय. आर्धा गाव त्यांच्या शब्दावर जमिनी विकतो, घेतो."

"शाळा घरातली नाय गजाशेठ."

"बघ बाई. गाव ऐकेल असं वाटत नाय."

गाव खरंच ऐकेना. दोन दिवसांत बातमी फिरली ती वेगळीच. छाया शाळा बंद करायला निघालीय. नळावर ती गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. ती जाऊबाईकडे, माधवीकडे गेली. माधवीचा स्वराज त्या सातांतला एक होता. व्हॅनने जायचा, पण नाव गावच्या पटावर.

"तू त्याला परत आन," छाया म्हणाली. "तू आनलंस तर आनखी दोघी आनतील. पट खरा होईल. मंग शाळा कोन बंद करतो बघू."

माधवी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "ताई, रागावू नका. माझ्या पोराचं एक वर्ष मी गुरुजींच्या वर्गात वाया घालवलंय. आधी शिकवून दाखवा, मंग नाव काढा."

छाया परत आली ती रिकाम्या हाताने. एक मेच्या आधीचे दिवस तिने मोजून काढले. नवीन तिच्याशी कामापुरतं बोलायचा. हर्षलाला ती रोज समोर बसवून अक्षरं शिकवायची आणि पोर रडायची, कारण दहाव्या वर्षी 'क'पासून सुरुवात करायची लाज तिलाही कळत होती.

एक मेला झेंडावंदन झालं आणि मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात ग्रामसभा बसली. ग्रामसेवकाने हजेरीची वही फिरवली. सभा चालायला साठ सह्या लागत होत्या. छाया बायकांच्या रांगेत पुढे बसली होती आणि मनातल्या मनात मोजत होती. सत्तेचाळीस झाल्या. मग दोन. मग वही थांबली. पंधरा-वीस माणसं बाहेर आंब्याखाली उभी होती, गप्पा मारत होती, आत येत नव्हती. त्यांना आत यायचंच नव्हतं, हे तिला कळलं.

गजाशेठनी घड्याळ बघितलं. "आनखी धा मिनिटं थांबू. नायतर सभा तहकूब."

जगदीश गुरुजी मागच्या खांबाला टेकून बसले होते. कुणाकडे बघत नव्हते.

सात मिनिटं गेली. छायाने पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं. तेवढ्यात डोंगराच्या बाजूने माणसं येताना दिसली. वरची वाडी. पोशा पुढे, मागे पंधरा-सोळा बाया-गडी. त्यांनी ओळीने वहीत सह्या केल्या, अंगठे उठवले. छायाने पोशाकडे बघितलं. त्याने मान फिरवली. ते तिच्या बाजूने आलेले नव्हते. आपली शाळा बंद करणाऱ्या बाईला अडवायला ते डोंगर उतरले होते. पण आकडा साठच्या वर गेला आणि आता सभा तहकूब करता येत नव्हती.

विषय वाचले गेले. पाण्याची टाकी, रस्त्याचे दिवे, स्मशानशेड. शाळेचा विषय सगळ्यात शेवटी. गजाशेठ म्हणाले, "येळ झालाय. हा पुढच्या सभेला घेऊ."

छाया उभी राहिली. तिने पोच वर धरली. "पंधरा दिवस आधी अर्ज दिलाय. शिक्का हाय."

ग्रामसेवक खाली बघत म्हणाला, "घ्यावा लागेल सरपंच."

तिने अर्ज वाचला. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, तरी ती वाचत राहिली. पटावरच्या सात नावांपाशी आली तेव्हा मंडपात गलका उठला. आंब्याखालची माणसंही आता आत आली.

"सही कुनाची हाय त्या पटावर?" कुणीतरी मागून ओरडलं.

"माझी," छाया म्हणाली. "समद्या सह्या माझ्या हायत. पोरांना वाचता येतं म्हनून मी लिवून दिलंय. न बघता. माझ्याच पोरीला येत नाय. मी खोटी सही केली, दीड वर्स केली."

"मंग गुरुजींच्या नावानं का बोंबलते?"

"शाळा गेली तर आमच्या पोरी कुठं जातील?" वाडीतली एक बाई उठून उभी राहिली. "ओढ्यात? तुज्या पोराला व्हॅन हाय!"

छायाने त्या बाईकडे बघितलं. मग ती म्हणाली, "साईराजचं नाव मी ह्याच शाळेत घालनार हाय." नवीन पुरुषांच्या रांगेत बसला होता. त्याचं डोकं एकदम वर आलं. त्याला हे माहीत नव्हतं. तिलाही क्षणभरापूर्वी माहीत नव्हतं.

गलका वाढला. गजाशेठ हात वर करून शांत करत होते. तेव्हा पोशा उठला. तो बोलायला उठला हेच नवल होतं, म्हणून माणसं हळूहळू गप्प झाली. तो छायाकडे वळला नाही. मागच्या खांबाकडे वळला.

"गुरुजी," तो म्हणाला. "ही बाई माझ्या अंगनात येऊन सांगून गेली, पोर हुशार हाय. आज म्हनते कुनाला वाचता येत नाय. मला हिचं खरं वाटत नाय. तुमी सांगा. तीन वर्सं पाठवली तुमच्याकडं. माझी पोर वाचते का नाय?"

गुरुजींनी तोंड उघडलं. सगळा मंडप त्यांच्याकडे बघत होता. छायाला वाटलं, आता ते म्हणतील, वाचते. एक शब्द पुरेल. वाडी तेवढ्यावर उठून जाईल आणि ठराव इथेच पडेल.

गुरुजी पोशाकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"नाही," ते म्हणाले. "नाही वाचत, पोशा."

पोशा उभाच होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जड ओझं घेऊन चढ चढल्यावर माणूस जसा उभा राहतो, तसा तो उभा होता.

"मंग रोज उतरत होती ती कशाला?" तो म्हणाला. हे त्याने कुणाला विचारलं नाही.

तो बसला. गजाशेठनी घसा साफ केला, मत घ्यावं लागेल म्हणाले. हात वर झाले ते आधी वाडीच्या बायकांचे. मग बायकांच्या रांगेतून इथून एक, तिथून दोन. माधवीने हात वर केला नाही. नवीननेही नाही. ग्रामसेवकाने दोनदा मोजलं. अडतीस, सही केलेल्यांतले निम्म्याहून जास्त. ठराव झाला.

पुढचं सगळं छायाच्या मनासारखं झालं नाही. जूनमध्ये चौकशी आली. गुरुजींना नोटीस मिळाली आणि त्यांची दुसऱ्या शाळेत बदली झाली. जायच्या दिवशी ते नवीनला भेटले, छायाला नाही. खोट्या सह्यांबद्दल छायालाही नोटीस आली आणि तिचं अध्यक्षपद गेलं. तिने लेखी उत्तरात एकच ओळ लिहिली, आरोप मान्य आहे. पालकांनी तिच्या जागी पोशाला निवडलं. हर्षला पाचवीला कशेळ्याला गेली. तिच्यासाठी हे सगळं वर्षभर उशिरा झालं होतं आणि ते छाया रोज तिच्या वहीत बघत होती. दुसरा शिक्षक आला नाही. पण गुरुजींच्या जागी एक तरुण बाई आल्या. त्या नेरळला खोली घेऊन राहायच्या आणि पावणेदहाला शाळेचं दार उघडायच्या.

शाळा उघडली त्या दिवशी साईराजला घेऊन कुणी जायचं यावर घरात बोलणं झालंच नाही. छाया डबा भरून बाहेर आली तेव्हा नवीन साईराजच्या बुटाची नाडी बांधत होता. "चल रं," तो पोराला म्हणाला आणि दोघं रस्ता ओलांडून गेले.

पट पंधरा भरला. सात नावं गेली होती, त्यातलं एकही परत आलं नव्हतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तालुक्याचे शिक्षण विस्तार अधिकारी आले. डोकी मोजली, रजिस्टर बघितलं, पलीकडच्या गावातली शाळा नकाशावर फक्त एक किलोमीटरवर आहे म्हणाले. कागदावर अंतर बसत होतं.

छाया शाळेच्या पायरीजवळ उभी होती. आता तिला आत बोलायचा अधिकार नव्हता. आत पोशा होता, नवा अध्यक्ष, टोपी हातात धरून. तिने खिडकीतून त्याच्याकडे बघितलं. बोल, तिच्या मनात चाललं होतं, बोल रं बाबा.

"सायेब," पोशा म्हणाला, "अंतर मोजायचं तर चला. मी दाखवतो."

अधिकाऱ्यांनी पावसाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. पण नव्या बाई, पंधरा पोरं आणि दारातल्या पाच-सहा बाया त्यांच्याकडे बघत होत्या. ते उठले.

ओढ्यापर्यंत चिखलाची पाऊलवाट होती. सगळे मागोमाग गेले. ओढा रात्रीपासून फुगला होता, तांबडं पाणी दगडांवरून आवाज करत चाललं होतं. पोशा पाण्यात उतरला. गुडघा, मग मांडी, मग कमर. मधोमध त्याचा पाय सरकला. तो एका हातावर पडला आणि पाण्याने त्याला दोन हात खाली ओढलं. काठावर त्याची पोर किंचाळली. छाया पुढे धावली. पण पोशाने एका दगडाला हात घातला होता. तो उठला, पलीकडच्या काठाला लागला आणि तिथे उभा राहून इकडे बघू लागला.

"अहो, या परत!" अधिकारी ओरडले. मग त्यांच्या लक्षात आलं की परत यायलाही हेच पाणी आहे. दोरी आणायला माणूस पळाला. ती येईपर्यंत अर्धा तास गेला आणि अधिकारी तो अर्धा तास पावसात उभे राहिले. छत्री उघडायची त्यांना आठवण झाली नाही. दोरी धरून पोशा अलीकडे आला.

शाळेत परतल्यावर त्यांनी ओल्या हाताने शेरा लिहिला. नैसर्गिक अडथळा असल्याने शाळा याच ठिकाणी आवश्यक. मग त्यांनी वही मिटली आणि बाईंना म्हणाले, "हे या वर्षापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी होईल. पट वाढवा."

पोशा घोंगडी गुंडाळून खिचडीच्या शेगडीजवळ बसला होता, दात वाजत होते. छायाने त्याला चहा दिला. मार्चपासून पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ बघितलं.

"आनखी पाच पायजेत," तो म्हणाला.

"हां. पाच."

"तुमची जाऊ हाय ना?"

"ती ऐकत नाय."

"बाई रोज शिकवतात ते तिला ठावं हाय का?"

छायाने बाहेर बघितलं. पाऊस थोडा उणावला होता. तिने कप धुऊन ठेवला, डोक्यावर इरलं घेतलं आणि माधवीच्या घराकडे निघाली.